पूल झाला की

नदीवरचा पूल पुरा व्हायला अकरा वर्षं लागली, आणि त्यातली साडेनऊ वर्षं बाजारातला चष्मेवाला पुलाच्या इंजिनिअरबाईंशी लग्न करायचा थांबला होता. गावात हे कुणापासून लपलेलं नव्हतं. चष्मा न्यायला आलेलं गिऱ्हाईक, तो काचा पुसून देईस्तोवर हमखास विचारायचं, "काय, कुठवर आला तुमचा पूल?" आणि तो न चिडता सांगायचा, "चौथ्या खांबापर्यंत. मी पलीकडच्या काठावर उभा आहे, भेट होईलच कधीतरी." लोक हसायचे. पहिली काही वर्षं तोही हसायचा.

बाईला कामावरची माणसं पाठीमागे 'सळई' म्हणायची. अंगाने तशीच, सडपातळ आणि ताठ. वाकणं म्हणून ठाऊक नाही. तिला ते नाव कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. खात्यात एवढा मोठा पूल एकटीच्या जबाबदारीवर मिळालेली ती पहिली बाई. वाळलेल्या काँक्रीटवर हातोडी मारली की नुसत्या आवाजावरून ती सांगायची, इथे आत पोकळी राहिलीय, फोडा. मुकादम म्हणायचा, बाईंनी दारावर टकटक केली तरी दाराला घाम फुटत असेल.

दोघांची ओळख झाली ती तिच्या चष्म्यामुळे. सिमेंट आणि वाळूच्या धुरळ्यात राहून तिच्या काचांवर इतके ओरखडे पडले होते की त्याने चष्मा उजेडाला धरला आणि म्हणाला, "बाई, याने तुम्ही आजवर भांडी घासत होतात का?" ती पहिल्यांदा रागावली आणि मग हसली, आणि नवा चष्मा तयार झाल्यावरही दर पंधरा दिवसांनी काहीतरी सैल झालंय म्हणून येत राहिली. स्क्रू सैल झालेला नसायचा. ते त्यालाही ठाऊक होतं, पण तो बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन मन लावून तो पिळायचा. तो तेव्हा बेचाळीसचा, ती एकोणचाळीसची. त्याने आजारी वडिलांचं करण्यात वय घालवलं होतं, आणि तिने कामात. वडील गेल्यावर घर अंगावर येतं असं तो म्हणाला, तेव्हा तिनेच विचारलं, "मग लग्न करू या का आपण?"

"करू या की. कधी?"

"पूल झाला की. दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. वेळापत्रकात दोनच वर्षं होती.

पण नदीने वेळापत्रक वाचलेलं नव्हतं. पुराने पहिल्याच वर्षी सगळी परांची वाहून नेली, दगड लागायला हवा होता तिथे गाळ लागला, आणि दोनाची चार वर्षं झाली. तेव्हा तोच म्हणाला, "पुलासाठी कशाला थांबायचं? लग्न करून तू कामावर जा. मी काही तुझ्या खांबाला लटकणार नाही." तिला ते पटलं. तारीख ठरली, नोंदणी कचेरीत नाव दिलं, तिचा मोठा भाऊ आणि वहिनी साक्षीदार म्हणून आदल्या दिवशीच आले. सकाळी साडेदहाची वेळ होती. सव्वादहाला मुकादमाचा निरोप आला, पाच नंबरची विहीर कलली.

ही विहीर म्हणजे पाण्याची नव्हे. नदीच्या तळात काँक्रीटचं पोकळ नळकांडं उतरवत नेतात, आतली माती उपसत जातात तसतसं ते खाली बसत जातं, आणि त्याच्यावर खांब उभा राहतो. ते कललं आणि वेळीच सावरलं नाही तर वर्षाचं काम पाण्यात. उंच राहिलेल्या बाजूची माती आतून उकरायची, त्याच बाजूला वजन ठेवायचं, विहीर बोटभर सरकली की थांबून मोजायचं, पुन्हा उकरायचं. ते दुसऱ्या कुणाला जमलं असतं का? कदाचित जमलं असतं. पण ती कचेरीच्या पायरीवरूनच जीपमध्ये बसली आणि बारा दिवसांनी परत आली. विहीर सरळ झाली होती. खात्याच्या पुस्तिकेत त्यावर नंतर तिचा लेख छापून आला.

त्या दिवशी चष्मेवाला नव्या शर्टात कचेरीच्या बाकावर दुपारपर्यंत बसला होता. तिथल्या कारकुनाने विचारलं, "नवरी कुठाय?" तर हा म्हणाला, "विहिरीत." कारकून घाबरून उभाच राहिला. ही हकीकत त्याने पुढे कितीतरी जणांना हसत हसत सांगितली.

दुसऱ्यांदा तारीख ठरली तेव्हा आठवडाभर आधी मुख्य कचेरीचं बोलावणं आलं. आराखड्याची चौकशी लागली होती, महिनाभर तिथे राहावं लागलं. तिसऱ्यांदा तारीख ठरलीच नाही. मात्र बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या त्याने भाड्याने घेऊन ठेवल्या. तिने एका रविवारी येऊन खिडक्या उघडून पाहिल्या, भिंतीवर टकटक केली, म्हणाली, "भिंत चांगली आहे." मग त्याने हळूहळू एकेक वस्तू आणली. टेबल आणलं, दोन खुर्च्या आणल्या, पुस्तकांचं कपाट आणलं, तिच्या नकाशांसाठी रुंद, उथळ खणांचं दुसरं कपाट सुताराकडून करून घेतलं. तीन वर्षं तो रोज संध्याकाळी तिथे जाऊन खिडक्या उघडायचा आणि बंद करून यायचा. मग एकदा त्याने त्या खोल्या सोडून दिल्या. ती तेव्हा महिनाभर बाजाराकडे फिरकली नव्हती, म्हणून तिला पत्रातून कळवलं. तिने ते पत्र वाचलं, वाईट वाटून घेतलं, आणि पूल झाला की दुसऱ्या खोल्या पाहू असं उलट लिहिलं.

शेवटी पूल झाला. ओल्या वाळूने भरलेले ट्रक मधल्या दोन खांबांच्या गाळ्यावर एकामागे एक उभे केले, आणि पूल किती दबतो ते चोवीस तास मोजलं. हिशेबाने जेवढा दबायला हवा होता त्याहून तो कमीच दबला. ट्रक काढल्यावर जवळजवळ होता तसा वर आला. मुकादम रडला. उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले, भाषणं झाली, आणि मोठे साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, "डोंगरातल्या बोगद्याचं काम तुमच्याकडे द्यायचं ठरलंय. मुख्य इंजिनिअर म्हणून. पाच वर्षं."

याहून मोठं काम खात्यात नव्हतं. तिने आयुष्यात एकाही कामाला नाही म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "नाही साहेब."

"दोन दिवस विचार करा."

"विचार झालेला आहे. लग्न करतेय मी."

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू मागचा पूलच जागचा उठून चालायला लागलाय. "या वयात?" असं ते म्हणाले नाहीत, पण तोंड तेवढ्यासाठीच उघडलं होतं. "अभिनंदन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारात गेली. वाटेत तिला हलकं हलकं वाटत होतं, आणि त्याची सवय नसल्यामुळे आपल्याला बरं नाहीये की काय, अशी शंकाही तिला एकदा आली. दुकानात तो एका म्हातारीचे डोळे तपासत होता. "खालची ओळ वाचा आजी." "कुठली खालची? मला ओळच दिसत नाही." "मग भिंत दिसतेय का?" "ती दिसते बाबा." "चला, तेवढं तरी आहे." त्याने दारात उभ्या असलेल्या तिच्याकडे बघून मान हलवली, बस म्हणून खूण केली, आणि म्हातारीचं सगळं शांतपणे उरकून तिला पायरी उतरवून दिली.

"मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "बोगद्याला. साहेबांना तोंडावर नाही म्हटलं. आता मी मोकळी आहे. उद्या कचेरीत नाव देऊ या."

तो काउंटरच्या पलीकडे उभा होता. त्याने काच पुसायचं फडकं घेतलं, घडी घातली, उलगडलं, पुन्हा घडी घातली.

"तू बोगदा घे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मला आता लग्न करायचं नाही."

ती हसली. त्याची थट्टा तिला ओळखू यायची. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ती थट्टा नव्हती.

"रागावलास?"

"नाही गं. राग होता तोवर बरं होतं. रागावलेला माणूस वाट पाहत असतो." तो स्टुलावर बसला. "मला सवय झाली. तुझी नाही, तुझी वाट पाहायची. सकाळी उठतो, दुकान उघडतो, दुपारी अर्धा तास डोळा लागतो, संध्याकाळी नदीपर्यंत जाऊन येतो, भात लावतो, रेडिओ ऐकतो. त्यात तू कुठे बसणार ते मी खूप दिवस शोधतोय. मला जागा सापडत नाही."

"जागा करू आपण. मी काय मोठं सामान आणणार आहे?"

"तसं नाही." त्याने फडकं बाजूला ठेवलं. "चार वर्षांपूर्वी मला ताप आला होता. आठवतं?"

तिला आठवलं. तुळया चढवायचा आठवडा होता तो. "मी फळं पाठवली होती. ड्रायव्हरबरोबर."

"आणि चिठ्ठी. चिठ्ठीत काय होतं?"

"लवकर बरा हो, असं काहीतरी."

"लवकर बरे व्हावे. खाली तुझी सही, पूर्ण. आणि सहीखाली तारीख." तो अगदी सौम्यपणे बोलत होता, जणू तिला नंबर वाढलाय असं सांगत होता. "अठरा दिवस पडून होतो. शेजारच्या शिंप्याने पेज करून घातली. मला माहीत आहे, तुझ्या डोक्यावर तेव्हा दोनशे टनांची तुळई लोंबकळत होती. मी तुला दोष देत नाही. पण ती तारीख वाचली आणि माझ्या आतलं काहीतरी थांबलं. मी वाट पाहिली की पुन्हा सुरू होईल. नाही झालं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुझा पूल अर्धा राहिला होता," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती भावाच्या गावी, वहिनीकडे गेली. भाऊ कामावर गेला होता, वहिनी स्वयंपाकघरात डाळ निवडत बसली होती. सगळं ऐकून वहिनी म्हणाली, "बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. मला वर्षभरापूर्वी त्याच्याकडे चष्मा करायला गेले तेव्हाच कळलं होतं. तुझ्याबद्दल बोलताना तो 'ती बाई' म्हणायला लागला होता."

"मला का नाही सांगितलंस, वहिनी?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? आली असतीस का?"

वहिनीने ताटातला खडा उचलून बाजूला ठेवला.

"माझंच चुकलं, वहिनी," ती म्हणाली. "तुझ्यासारखं करायला हवं होतं. नोकरी सोडून घर धरायला हवं होतं."

वहिनीचा हात थांबला. वहिनी पूर्वी बँकेत होती. तिच्या आकडेमोडीची तिथे ख्याती होती. सासरी आल्यावर तीन वर्षांनी तिने नोकरी सोडली ती सोडलीच.

"माझं नाव घेऊ नकोस," वहिनी म्हणाली. "तू पूल धरलास, मी घर धरलं. तुझ्या हातात निदान पूल तरी राहिला. तुझा दादा जेवताना पेपर वाचतो. बावीस वर्षं मी त्या पेपरच्या मागच्या पानाशी बोलतेय. लोकांना वाटतं, इकडचं सोडलं की तिकडचं मिळतं. असं काही नसतं गं. इकडचं सोडलं की इकडचं जातं, बस्स." मग तिचा आवाज उतरला. "जेवून जा. पोरगी येईलच कॉलेजातून, आत्या आली म्हणून खूश होईल."

पण सळई वाकत नाही म्हणतात ते खोटं नव्हतं. कललेली विहीर जिने सरळ केली, तिला माणूस सरळ करता येणार नाही असं तिला वाटेना. तिने साठलेली रजा टाकली आणि परत येऊन सहा आठवडे चष्मेवाल्याच्या गावातच राहिली. रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी जायची. तो तिला कधीही नको म्हणाला नाही. खुर्ची द्यायचा, चहा करायचा, दिवसभरातलं एखादं गमतीदार गिऱ्हाईक सांगायचा. तिने त्याच्या खोलीचे पडदे धुतले. त्याने आभार मानले. तिने एकदा जेवण केलं. भात खाली लागला आणि त्याने "छान झालंय" म्हणत तो संपवला. शिंपी आला की दोघं पत्ते खेळायला बसायचे, तिलाही बोलवायचे, आणि तिला डाव शिकवताना दोघांच्याही चेहऱ्यावर पाहुण्याशी वागतानाचा एक धीर असायचा. तिने ओरडावं, भांडावं असं ठरवूनही पाहिलं. पण भांडायला समोर कुणी असावं लागतं. हा तर प्रत्येक वाक्याला "खरंय तुझं" म्हणायचा.

एका रविवारी सकाळी तोच म्हणाला, "चल, तुझा पूल पाहू या. मी अजून ओलांडला नाहीये."

ती चपापली. रोज नदीपर्यंत जाणारा माणूस. "का?"

"कुणास ठाऊक. पाय वळले नाहीत."

दोघं कडेच्या फरसबंदीवरून चालत निघाले. वाहनं कमी होती. तो कठड्यावरून हात फिरवत चालला होता, चष्म्याच्या काड्या तपासतो तसा. मध्येच त्याने विचारलं, "कलली होती ती कुठली?"

"ही," ती म्हणाली. "पाच नंबर. आपण हिच्यावरच उभे आहोत."

तो वाकून खाली बघत राहिला. पाणी खांबाला वळसा घालून जात होतं. "काहीच कळत नाही वरून," तो म्हणाला. "चांगली सरळ आहे."

"अजून चार बोटं कललेली आहे. तेवढं चालतं." आणि मग तिने इतके दिवस न विचारलेलं विचारलं. "मी त्या दिवशी कचेरीतून गेले नसते तर?"

तो कठड्यावरून सरळ झाला. "तर आपण नवरा-बायको झालो असतो. आणि दर जेवणाला तू या विहिरीबद्दल बोलली असतीस, आपण हिला सोडून आलो म्हणून. मला तेही झेपलं नसतं बहुतेक." त्याने तिचा हात हातात घेतला. साडेनऊ वर्षांत त्याने तो इतक्या सहजपणे कधी घेतला नव्हता. "तू फार चांगला पूल बांधलायस. खरंच."

पलीकडच्या काठावर एक बसथांबा होता आणि एक बंद टपरी. थोडा वेळ दोघं थांब्याच्या बाकावर बसले. मग तो म्हणाला, ऊन चढेल, आणि ते परत फिरले.

सोमवारी तिने मोठ्या साहेबांना फोन केला. बोगदा तिच्याच हाताखाली तयार झालेल्या एका पोराकडे गेला होता. त्याने रुजू होऊन महिना झाला होता. "तुम्हीच नाही म्हणालात," साहेब म्हणाले, आणि त्यात दोष नव्हता. मुख्य कचेरीत जुन्या पुलांच्या तपासणीचा विभाग होता, तिथे वरची खुर्ची रिकामी होती. पद मोठं, काम बसून. हाताखाली नऊ माणसं. तिने घेतलं. गावातले लोक म्हणाले, तेलही गेलं, तूपही गेलं. चष्मेवाल्याने तिला बसस्टँडवर पोचवलं, बॅग वर ठेवून दिली, आणि खिडकीशी उभं राहून "जप" म्हणाला. बस सुटायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. तेवढा सगळा वेळ दोघांनी स्टँडवरच्या घड्याळाकडे बघत काढला.

याला आता दोन वर्षं झाली. ती कामात पूर्वीसारखीच चोख आहे. तिच्या अहवालामुळे दोन धोक्याचे पूल वेळीच बंद झाले आणि त्याचं बक्षीस म्हणून तिला आणखी एक बढती मिळाली. कचेरीपासून सात मिनिटांवर तिची खोली आहे. दाराला कडी लावली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला आवाज काढावा लागत नाही. सुरुवातीला ती मोठ्याने वाचून पाहायची, पेपर, नोटिसा, काहीही. मग ते सुटलं. चष्मेवाल्याचं पत्र वर्षातून दोनदा येतं, तब्येत बरी आहे, शिंपी बरा आहे. ती उत्तर लिहिते, आणि सहीखाली तारीख पडू नये म्हणून पेन लगेच टोपणात घालते.

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. कचेरी नुकतीच सुटली होती, जिन्यात माणसांची गर्दी होती. पोरगी आता नोकरीला लागली होती, आणि कंपनी तिला तीन वर्षांसाठी दूरच्या देशात पाठवायला निघाली होती. एक मुलगा होता. चांगला होता. तो थांबतो म्हणत होता.

"आई म्हणते जा. बाबा म्हणतात लग्न कर. आत्या, तू सांग. तू सांगशील ते मी करेन."

ती जिन्याच्या कठड्याला टेकली. हाताखालच्या नऊ माणसांपैकी दोघं "येतो मॅडम" म्हणत शेजारून खाली गेले. तिला खूप काही सांगता आलं असतं. जा म्हणता आलं असतं, थांब म्हणता आलं असतं, दोन्ही सांभाळता येतं गं, नुसतं ठरवावं लागतं, असंही म्हणता आलं असतं; तसं म्हणणारी माणसं तिने व्यासपीठांवर पुष्कळ पाहिली होती आणि एकदा-दोनदा तीही तसं म्हणाली होती.

"आत्या? आहेस ना?"

"आहे."

"मग सांग ना."

"मला माहीत नाही, बाळा," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

पलीकडून पोरगी हलकेच "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. जिना रिकामा झाला होता. शिपाई वरच्या मजल्यावरून एकेक दिवा बंद करत खाली येत होता. त्याने विचारलं, "मॅडम, तुमची खोली बंद करू का?"

"नको," ती म्हणाली, "मी बसते अजून थोडी," आणि ती पुन्हा वर गेली.